इंचाला दहा टाके

९ जानेवारी, मंगळवार. सकाळी सव्वासहा.
ठरलं. मशीन घ्यायची. खास गोधडीची, टेबलाशी बसून चालवायची, आत वीस इंच जागा असलेली. घरच्या शिलाई मशीनमध्ये मोठी गोधडी घालणं म्हणजे टपालपेटीत हरीण कोंबणं. तुकडे जोडून तयार केलेले एकोणीस वरचे थर कपाटात पडून आहेत. जोडायचं काम मी भराभर करते. वरचा थर, मधला कापूस आणि खालचं अस्तर एकत्र शिवायचं तेवढं राहून जातं. दोष माझा नाही, जागेचा आहे.
लिअँडरला सांगितलं. तो ब्रेडला लोणी लावत होता. म्हणाला, एकोणीस नाहीत, बावीस आहेत. तीन फ्रीझरवर ठेवलेत तू.
नवऱ्याने असल्या गोष्टी मोजू नयेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
चर्चच्या तळघरात आमचं मंडळ. जत्रेत सोडतीला ठेवायची गोधडी चौकटीवर ताणली आहे, ईस्टरपर्यंत उतरायला हवी. आम्ही सात जणी चारी बाजूंनी बसून हाताने धावदोरा घालतो. बॉयलरजवळचा कोपरा माझा. एकतीस वर्षं माझा.
मशीनचा विषय काढला. सगळ्यांना इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. मार्सेला म्हणाली, "अगं, घेच! तुझ्यासारखीने या तळघरात का म्हणून बसावं?" हिल्डी चौऱ्याऐंशी वर्षांची, मंडळाची मुख्य. कौतुक म्हणून करत नाही कुणाचं. तीही म्हणाली, "कधी घेतेस?"
गाडीत बसल्यावर डोळे भरून आले. इतकं प्रेम.

१६ जानेवारी, मंगळवार.
एक नोंद करून ठेवायला हवी. मागच्या आठवड्यात कोपऱ्यातल्या निळ्या पाकळ्या शिवल्या. निघताना वाटलं होतं, टाके जरा ऐसपैस पडलेत. आज पाहते तर बारीक, सरळ, इंचाला दहा. हे गेली कितीतरी वर्षं पाहते आहे. माझे टाके आठवडाभर मुरतात.
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आल्डेगुंडा म्हणायच्या, प्रार्थना म्हणत घातलेला टाका आपोआप सरळ होतो. शिवणाच्या वर्गात मेणाचा आणि उकडलेल्या कोबीचा वास असायचा. माझा रुमाल त्या खिडकीच्या उजेडात धरायच्या, बराच वेळ बघायच्या आणि म्हणायच्या, "बर्नाडीन, तुझा आवाज फार गोड आहे." प्रत्येक मुलीतलं चांगलं शोधणारी बाई. आता अशा सिस्टर नाहीत.

२७ जानेवारी, शनिवार.
दुकानात जाऊन मशीन चालवून पाहिली. कॉनी नावाची बाई दाखवत होती. सुई जागेवर राहते, कापड आपण फिरवायचं. पाय एक वेग धरतो, हात दुसरा. मी गुलाब काढला.
लिअँडर वाकून म्हणाला, बटाटा का?
गुलाब आहे, म्हटलं.
म्हणाला, बटाटा म्हणून चांगला आहे.
कॉनी म्हणाली, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं, शंभर तास सराव करा. मला वीस पुरतील. माझ्या हाताला एकतीस वर्षांची सवय आहे. सवलत ईस्टरपर्यंत. नाव लिहून आले.
गायी विकून आठ वर्षं झाली, पण लिअँडर अजून किंमत गायींमध्येच सांगतो. ही मशीन अडीच गायींची. मी विचारलं, अर्धी कुठली? म्हणाला, मागची. दूध तिकडूनच येतं.

३० जानेवारी, मंगळवार.
मशीन नको. नीट विचार केला. मी घरी बसून शिवायला लागले तर मंडळाचं काय होणार? कोपरा कोण सांभाळणार? कोपरा सर्वांत अवघड, तिथे चारी रेघा येऊन मिळतात.
मी बूट काढायच्या आत मार्सेलाने विचारलं, आली का मशीन? नाही म्हटलं तर बिचारीचा चेहरा पडला.

३१ जानेवारी, बुधवार.
घ्यायची.

६ फेब्रुवारी, मंगळवार.
मुलाची खोली मोजली. मशीन बसते, पण मग इस्त्रीचं टेबल बाहेर काढायला हवं. ते बाहेर काढलं तर लिअँडरने पकडून, पेंढा भरून भिंतीवर लावलेला मासा काढावा लागतो. मासा काढायचा तर लिअँडरला काढावं लागेल. पुन्हा मोजली. मग जेवणाची खोली मोजली. मग परत मुलाची. दुपारी मंडळात माझं लक्ष नव्हतं, तरी तीन पाकळ्या पुऱ्या केल्या.

१४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार. कपाळाला राख आहे.
उपवासकाळाचे संकल्प: १) नवीन कापड नाही. २) दर आठवड्याला एक वरचा थर हाताने शिवून पुरा करणे. सहा आठवड्यांत सहा. मग मशीन हवी की नको ते आपोआप कळेल. ३) आपल्या टाक्यांचा गर्व न करणे.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार.
चर्चमध्ये तळलेल्या माशांचं जेवण होतं, वाटेत कापडाच्या दुकानात सेल. चार वार घेतलं. अस्तराचं. अस्तर कापडात धरत नाहीत.

१९ फेब्रुवारी, सोमवार.
संकल्प दोन उद्यापासून.

२१ फेब्रुवारी, बुधवार.
मंडळाचा दिवस नव्हता. पण माझ्या टाक्यांचा फोटो काढून कॉनीला दाखवावा, म्हणजे तिला कळेल मी कुठल्या पातळीवर आहे, म्हणून तळघरात गेले. दिवा लागलेला. माझ्या कोपऱ्यात हिल्डी आणि मार्सेला, हातात छोट्या कात्र्या, मधे भिंगाचा दिवा. मार्सेलाच्या स्वेटरवर पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे. मला बघून दोघी शाळेतल्या मुलींसारख्या उभ्या राहिल्या.
मार्सेला म्हणाली, धूळ काढतोय.
गाडीत बसल्यावर उलगडा झाला. माझा टाका कसा पडतो ते समजावं म्हणून दोनचार उसवून पाहत होत्या! या वयात विचारायची लाज वाटत असणार. येत्या मंगळवारी आपणहून शिकवेन.
लिअँडरला सांगितलं. तो सूप ढवळत राहिला. मग म्हणाला, "बर्नाडीन, घे तू ती मशीन."
म्हणजे आता तोही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार.
शिकवलं. सुई सरळ उभी धरायची, खालचं बोट तयार ठेवायचं, घाई करायची नाही. सगळ्या माना खाली घालून ऐकत होत्या. हिल्डीला कॉफीचा ठसका लागला, लालेलाल झाली. नंतर माझा हात धरून म्हणाली, देव तुझं भलं करो. गर्व नाही, पण समाधान वाटलं.

२ मार्च, शनिवार. दुपारी.
हिल्डी घरी आली होती. कोट काढला नाही, कॉफी नको म्हणाली. खुर्चीच्या टोकावर बसली.
म्हणाली, "आत्ताच पापं कबूल करून आले. फादरनी प्रायश्चित्त म्हणून जपमाळ नाही दिली. म्हणाले, जा आणि तिला सांग."
काय सांग?
"अकरा वर्षं झाली गं. आम्ही बुधवारी जातो. तू घातलेले टाके उसवतो आणि परत घालतो."
मी विचारलं, सगळे?
"गाठी ठेवतो. गाठी चांगल्या असतात तुझ्या."
मग आत्तापर्यंत का नाही बोललात?
"बोललो असतो तर तू आली असतीस? तुझ्याशिवाय मंगळवारी सहा म्हाताऱ्या तोंडाला कुलूप लावून बसतात. एकदा तुला फ्लू झाला होता, तेव्हा पाहिलंय आम्ही."
मग मशीन घे, मशीन घे का चाललं होतं?
तिने हातमोजे काढले, परत घातले. "मला आता पांढरा दोरा पांढऱ्या कापडावर दिसत नाही. मार्सेलाचा अंगठा गेलाय. दोन-दोन दिवस नाही जमत आता. वाटलं, तू मशीनवर रमलीस तर तुलाही वाईट वाटायला नको."
दाराशी जाऊन म्हणाली, झालं माझं प्रायश्चित्त. आणि रडली. मी तिला बिस्किटं बांधून दिली. का, कुणास ठाऊक.

४ मार्च, सोमवार.
काही नाही.

५ मार्च, मंगळवार.
मंडळात गेले नाही. सर्दी. फ्रीझर धुतला. फ्रीझरवरचे तीन थर कपाटात ठेवले, परत काढले, परत ठेवले. लिअँडर म्हणाला, तुला सर्दी नाहीये. मी म्हटलं, होईल.
फोन दोनदा वाजला. घेतला नाही.

९ मार्च, शनिवार.
मशीन आणायला जायचं म्हणून गाडी काढली. गावाबाहेरच्या वळणापर्यंत गेले. मग पुढे तळ्यापर्यंत. बर्फ करडा झालाय, लोक त्यावरच्या मासेमारीच्या खोपट्या ओढून किनाऱ्याला आणत होते. पाऊण तास बघत बसले. एकटीने घरात बसून शंभर तास गुलाब काढायचे. बोलायचं कुणाशी? माशाशी?

१२ मार्च, मंगळवार.
गेले. माझी खुर्ची रिकामी होती. मार्सेलाने केक पुढे केला.
मग कोपऱ्याकडे पाहिलं. सत्तावीस तारखेचे टाके तसेच होते. मी पाहिल्यापासून दोघी बुधवारी आल्याच नव्हत्या, आणि फादरनी ताकीद दिलीय म्हणे, आता न विचारता हात लावायचा नाही. दोन आठवडे होऊन गेले तरी मुरले नव्हते. बर्फातून कोंबडी चालत गेल्यासारखे. मोजले. इंचाला चार. एके ठिकाणी तीन.
मी म्हटलं, कोंबडीसुद्धा यापेक्षा सरळ चालते. आधी कुणी हसेना. मग हिल्डी हसली आणि मग सगळ्या, टेबलावर डोकी ठेवून.

१३ मार्च, बुधवार.
तळघरात गेले, स्वतःची कात्री घेऊन. हिल्डी आणि मार्सेला आल्या होत्याच. माझे टाके मीच उसवले. तीन तास लागले. मग एक पाकळी परत शिवली. उसवली. परत शिवली. उसवली. तिसऱ्या खेपेला इंचाला सहा आले. मार्सेलाने भिंग धरून मोजले, हिल्डीला कानात सांगितलं.
हिल्डी म्हणाली, राहू दे तेवढी.
बाकीच्या पाकळ्या मार्सेलाने घातल्या, अंगठ्याला पट्टी बांधून. मी तिला सुया ओवून दिल्या.

१४ मार्च, गुरुवार. सकाळी.
कॉनीला फोन केला. माझं नाव काढून टाका, म्हटलं. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, बुधवारी मला वेळ नसतो.
ती म्हणाली, मशीन बाकीच्या दिवशीही चालते.