गैरहजर माणसाच्या घरी वर्ग

३ फेब्रुवारी
कहर झाला आज! सासूबाईंना संध्याकाळच्या प्रौढवर्गाला मुद्दाम जाऊ दिलं नाही — धान्य निवडायला बसवलं. तर अख्खा वर्गच घरी! पुढे शिकवणारी बाई, मागे धोबीण, रखवालदार आणि दोघी भाजीवाल्या, पाट्या घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात. बाई म्हणे, आमचा नियमच आहे, कुणी आलं नाही की वर्ग त्याच्याकडे जातो, म्हणजे मधेच कुणी गळत नाही. निवडलेल्या धान्यात बोटाने ‘क’ काढला सासूबाईंनी!
रखवालदार म्हणतो, “चहा राहू द्या वहिनी, साखरेचा हिशोब चुकेल तुमचा.” मेला.

५ फेब्रुवारी
पुन्हा आले. चहा दिला. बिनसाखरेचा.

१२ फेब्रुवारी
या घरात मॅट्रिक झालेली मी एकटी. लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी पोथी मी वाचते, सासूबाई हात जोडून ऐकतात. दिवसभर माझ्या प्रत्येक कामाला नावं ठेवणारी बाई तेवढा वेळ गप्प असते. त्यांना वाचता आलं की मला कोण विचारणार? देवा, तुझ्यापासून काय लपवू — त्यांना वाचता येऊ नये असंच मला वाटतं.

२० फेब्रुवारी
दारातूनच थाप मारली, सासूबाई नणंदेकडे गेल्यात म्हणून. वर्ग नणंदेकडे पोचला! तिचा फोन — “वहिनी, माझ्या सोफ्यावर रखवालदार बाराखडी म्हणतोय, आणि आई कुठाय?” आई इथेच, आमच्या आतल्या खोलीत होती. सगळं ऐकत. बोलली मात्र काही नाही. त्याचाच जास्त राग आला.

८ एप्रिल
सकाळी सासूबाईंनी पोथी माझ्या हातातून घेतली. “आज मी.” एक पान संपेपर्यंत गॅसवरचं दूध उतू गेलं. नुकसान ते नुकसान, वर ह्यांनी डोळे पुसले. मी इतकी वर्षं घडाघडा वाचलं, तेव्हा पेपरातून मान वर केली नाही.

९ एप्रिल
उद्यापासून मी देवासमोर बसणार नाही. वाचा म्हणावं एकट्याने.

१० एप्रिल
नाहीच गेले. भांडी घासत राहिले. तर सासूबाई पोथी घेऊन स्वयंपाकघरात आल्या, गुडघे धरत खाली बसल्या. “वर्ग गैरहजर माणसाकडे जातो.”
तिसऱ्या ओळीला अडल्या. मी मुद्दाम सांगितलं नाही. त्या पुढेही जाईनात, उठतही नाहीत — बोट त्याच शब्दावर.
शेवटी नळ बंद केला. हात पुसले.