दहाव्या ग्रहाचं नाव

बाबा, तुमच्या वर्गातल्या मुलींची मुलं आता शाळेत जायला लागली, इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन. त्यांतली एक मुलगी मात्र अजून माझ्या डोळ्यांत सलते. तुम्हाला ठाऊक आहे कोण. तिचे वडील कामतघरला कापडाच्या लूमवर ड्युटी करायचे, ती अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायची, आणि तुमचा विज्ञानाचा तास संपला तरी तिचे प्रश्न संपायचे नाहीत. "आज तिनं काय विचारलं माहितेय?" असं जेवताना सांगताना तुमचा चेहरा जसा खुलायचा, तसा माझा पहिला नंबर आला तेव्हाही खुलला नव्हता. मी ताटात मान घालून जेवायची.

मग पेपरात दहावा ग्रह सापडल्याची बातमी आली. प्लूटोच्याही पलीकडचा, सगळा बर्फाचा, अजून नाव न ठरलेला. तुम्ही सूर्यमाला थेट रस्त्यावर मांडायची ठरवलीत. शाळेच्या फाटकात सूर्य म्हणून मोठं पिंप, आणि ग्रह आपल्या स्वयंपाकघरातले. तुम्ही मिसळणाचा डबा उचललात तेव्हा आई ओरडली, "डालीला फोडनी न्हाय, नि यांच्या ग्रहांना मोहरी हाय!" मला पृथ्वी दिलीत, तुरीचा एक दाणा, पिंपापासून ऐंशी-नव्वद पावलांवर. नवा ग्रह म्हणजे मोहरी, आणि तिची जागा पार हायवेला, वडप्याच्या बाजूला. "सर, मैं जाऊँगी. दाणा पडू नाय देणार," ती म्हणाली, आणि तुम्ही तिला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेलात. मी उन्हात मूठ मिटून उभी. परत आल्यावर मी फुरंगटलेली बघून म्हणालात, "अगं, तू तर जवळचीच." ते प्रेमाचं बोलणं होतं, कळतं मला. पण जवळच्याला बघायला कोण स्कूटर काढतं?

पुढच्या पावसाळ्यात तुम्ही अंथरूण धरलंत. पेपर वाचवेना, म्हणून मला रोज विचारायचात, "नाव ठरलं का गं त्याचं?" मी पानं चाळायची, सापडायचं नाही. एका दुपारी दारात ती उभी, हातात पेपरचं कात्रण. "सर को बताना है. नाव मिळालं त्याला. आता ग्रह नाय, बटुग्रह बोलतात, पण नाव मिळालं." मी म्हटलं, "झोपलेत. मी सांगते." तेवढ्यात आतून तुम्ही खोकलात. तिलाही ऐकू गेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, कात्रण दिलं आणि जिना उतरून गेली. "कोण होतं?" तुम्ही विचारलंत. "कुणी नाही." संध्याकाळी तुम्ही पुन्हा नावाचं विचारलंत, आणि मी सरळ नाही म्हणाले. सांगितलं असतं तर कुणी आणलं तेही सांगावं लागलं असतं, आणि तुमचा तो खुललेला चेहरा मला बघायचा नव्हता. आठवड्याभरात तुम्ही गेलात. ती आली, मागे उभी राहून रडली, आणि मला तेव्हाही रागच आला, की हिला काय एवढं रडायला झालंय.

माणूस गेलं की हेवा निवतो म्हणतात. माझा नाही निवला. हे पत्र टाकायला पेटी नाही, तरी लिहिते आहे. त्याचं नाव एरिस ठेवलं, बाबा. ते तिच्या तोंडून ऐकायचा तुमचा हक्क होता, मी तो मारला. आणि खरं सांगू, आजही मला एवढंच हवंय की ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं.