तुझ्या नातीचा रेग्युलेटर

आई, तू गेल्यावर जन्मलेली तुझी नात उद्या अंदमानला निघते आहे, खोल पाण्यातलं डायव्हिंग शिकायला, आणि तिच्यासाठी रेग्युलेटर निवडायला काल मी तिच्याबरोबर मुरगावला जाऊन आलो. रेग्युलेटर म्हणजे काय, हे तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा ठासून भरलेली असते, इतक्या जोरानं की ती तशीच तोंडात सोडली तर माणूस फाटेल. रेग्युलेटर तिला दोन टप्प्यांत शांत करतो. सिलिंडरच्या तोंडावर एक पितळी गड्डा बसतो, तो पहिला टप्पा. त्यातून नळी निघते आणि तिच्या टोकाला दातांत धरायचं बोंड असतं, तो दुसरा. आपण श्वास ओढला की हवा येते, थांबलो की थांबते. मी डायव्हिंगच्या कामाला लागलो तेव्हा तू एवढंच विचारायचीस, "तोंडात घालतस ता कोणाचा असता रे?" मी म्हणायचो, मालकाचं. हे उत्तर तुला कधी पटलं नाही.

कसं पटणार? तुझं माहेर शिरगावचं, वडील लईराई देवीचे धोंड, म्हणजे जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारे व्रतस्थ भक्त. जत्रेआधीच्या व्रताच्या दिवसांत घागरीला कोण शिवलं याचीसुद्धा चौकशी व्हायची, असं तूच सांगायचीस. ते सगळं सोवळं तू सासरी हरमलला घेऊन आलीस, आणि हरमल तर परक्यांना खोल्या देऊन जगणारं गाव. आपल्याही मागच्या खोल्यांत पाहुणे असायचे. त्यांना तू हसून चहा द्यायचीस, पण त्यांचे कोप-पेले वेगळे, खिडकीखाली पालथे घातलेले. मला अजून दिसतं, मी शाळेतून धावत आलोय, घसा कोरडा पडलाय आणि हाताला आला तो कोप मी सरळ ओठाला लावलाय. तू चुलीपुढून उठतेस. "कितीदा सांगलंय, वरसून पी म्हणान? ओठ लावू नको!" मारलं नाहीस, पण तो कोप माझ्यादेखत राखेनं घासलास, परत घासलास. मग मी वरून पाणी ओतून घेताना शर्ट भिजवला, तर त्यावरूनही बोललीस. ओठ लावून प्यालं तरी बोलणी, वरून प्यालं तरी बोलणी. आणि गंमत अशी की माझ्या ताटात उरलेला माशाचा हुमण-भात तू स्वतः निपटून खायचीस. एकदा मी विचारलं, हे उष्टं नाही का? तू मान वर न करता म्हणालीस, "लेकराचा उष्टा आवशीक लागना." नियम तुझेच आणि पळवाटाही तुझ्याच.

तर असा तुझ्या हाताखाली तयार झालेला मी मुरगावला गेलो. तिथे जहाजांचे तळ पाण्याखालून खरवडण्यात उमर घालवलेला एक म्हातारा पाणबुड्या होता. पर्यटकांना बेटापाशी नेऊन पाणी दाखवायचा धंदा त्यानं नुकता सुरू केला होता आणि त्याला तरणी माणसं हवी होती. त्या काळी पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवत, एकाच रेग्युलेटरवर दोघांनी आळीपाळीनं श्वास घ्यायचा. छातीभर पाण्यात आम्ही समोरासमोर गुडघे टेकून बसलोय. तो दोन श्वास घेतो, तोंडातलं काढून माझ्यापुढे धरतो. त्याचे दात तंबाखूनं पिवळे. मी त्या रबराकडे बघतो, मान हलवतो आणि सरळ उभा राहतो. तोही वर येतो, मिशीतलं पाणी निपटतो आणि शांतपणे म्हणतो, "बाबा, सोवळ्यात बुडलेलो आनी ओवळ्यात बुडलेलो, दोगय सारकेच फुगतत." किनाऱ्यावरचे सगळे हसले. मी पुन्हा खाली गेलो आणि डोळे मिटून ते तोंडात घेतलं. घरी येऊन जेवताना मी हे तुला मोठ्या हौसेनं सांगितलं. तू माझं ताट उचलून बाहेर सोप्यावर नेऊन ठेवलंस. सकाळी मात्र पाववाल्या पोदेराकडचे गरम उंडे सगळ्यात आधी माझ्याच पुढ्यात आले.

आता थकलोय मी, आई. पाण्याला नाही, पाणी अजून आवडतं, पण बाकी सगळ्याला. हरमलहून उजाडायच्या आत स्कूटर काढून जेटी गाठायची, पाण्याला घाबरलेल्या माणसांचा हात धरून त्यांना खाली न्यायचं, त्यांचे फोटो काढायचे, वर आणायचं, पुन्हा दुसरा हात धरायचा. इतकी वर्षं हेच केलं. गेल्या हंगामात डावा कान गेला. डॉक्टर म्हणाले, आता पाण्याखाली जायचं नाही, गेलात तर उजवाही जाईल. मालकानं काढून टाकलं नाही, हे त्याचे उपकार. मी आता सिलिंडर भरतो आणि बोट परत आली की रेग्युलेटर धुतो. गोड्या पाण्यात बुडवायचे, तोंडात धरायची रबरं जंतुनाशकाच्या बालदीत घालायची, झटकायची, दोरीवर टांगायचे. ज्यांची नावं मला माहीत नाहीत अशांच्या दातांच्या खुणा त्या रबरावर असतात. थोडक्यात काय, तुझा मुलगा दिवसभर जगाची उष्टी काढतो. तू असतीस तर मला रोज सोप्यावर जेवावं लागलं असतं.

नातीला पाण्यात मीच घातलं. शिकवलंही मीच, आणि आता कानामागून आली आणि तिखट झाली. मी पर्यटकांच्या उथळ पाण्यात जन्म काढला. तिला बुडालेल्या जहाजांच्या आत शिरायचंय, जिथून वाटलं तेव्हा सरळ वर येता येत नाही, टप्प्याटप्प्यानं थांबत यावं लागतं. मी सोबत असतो तर एक गोष्ट होती. ते तर आता होणार नाही. म्हणून म्हटलं, निदान रेग्युलेटर तरी मी बघून घेतो. तुझी सून म्हणाली, "तिका कळता सगळा, तू कित्याक जातस?" कित्याक म्हणजे काय, माझ्या हातात दुसरं उरलंय काय?

दुकानात बऱ्याच गोष्टींवर आमचं पटलं. सिलिंडरला चापानं अडकवायचा नको, पेचानं फिरवून बसणाराच हवा, म्हणजे कुठे आपटला तरी हलणार नाही. आत गाळ-खारं पाणी शिरणार नाही असा बंद हवा. खोल गेलं किंवा सिलिंडर रिकामा होत आला तरी श्वास जड होता कामा नये; स्वस्तातले काही तसे होतात आणि नेमके तेव्हाच होतात जेव्हा माणूस दमलेला असतो. तिला एक चकचकीत, हलका आवडला होता. मी विचारलं, ह्याचे सुटे भाग इथे मिळतात? उघडून साफ करणारा माणूस जवळपास आहे? दुकानदार छताकडे बघायला लागला. नाकापेक्षा मोती जड कशाला, म्हणून तो तिनंच खाली ठेवला. मला बरं वाटलं. एवढं तरी माझं ऐकलं.

घोडं अडलं ते तोंडातल्यापाशी. प्रत्येकाजवळ तोंडात धरायचे दोन असतात, एक आपला आणि एक राखीव, सोबतच्याची हवा संपली तर त्याला द्यायला. आमच्या उथळ पाण्यात राखीव पिवळ्या नळीचा, साधा, कंबरेपाशी लोंबणारा. मी म्हटलं, "चांगलो तुझ्या तोंडाक घे. दिवचो आसा तो सादो चलात."

ती हसली. "पप्पा, खोल पाण्यात तसा नसता. दिवचो तो तोंडातलोच."

"तोंडातलो काढून?"

"हां. लांब नळयेचो. घाबारलेलो माणूस तसोय तोंडातलोच ओढता. आनी तो चलता ह्येची खात्री आसता, मी आताच त्यातसून श्वास घेतलेलो आसता. खोल पाण्यात वेगळी हवा, वर येताना वेगळी, सिलिंडरय वेगळे. चुकीची दिली तर माणूस मरता. तोंडात आसा ती बरोबर, इतक्या तरी नक्की."

"आनी तू?"

"दुसरो गळ्याकडे रबरान बांदलेलो आसता. तो माका."

"म्हणजे चांगलो दुसऱ्याक आनी उरलेलो तुका?"

"म्हणान तर दोनय सारकेच घेवया," ती म्हणाली आणि दुकानदाराला तसं सांगूनही टाकलं. मी विचारलं, "आनी तुझी हवा सोपली तर?"

"सोबत आसतलो तो आपल्या तोंडातलो माका दितलो."

"कोण?"

"जो आसतलो तो, पप्पा."

ती सहज बोलली. मला मात्र भीती वाटली, आई. इतकी वर्षं मी परक्या माणसांना श्वास पुरवला आणि माझ्या पोरीच्या वेळी तिथे कुणीतरी भलताच असणार, ज्याचं तोंडही मी पाहिलेलं नाही. त्याच्या दातांत काय आहे, त्यानं ते शेवटचं कधी साफ करून घेतलं, हे मी कुणाला विचारू? परत येताना ती स्कूटर चालवत होती, मी मागे खोकं मांडीवर धरून बसलो होतो. ती काहीतरी सांगत होती, पण माझ्या डाव्या बाजूनं. मी हूं हूं करत राहिलो.

आणि वाटेत तुझं इस्पितळ आठवलं. शेवटचे दिवस, तुझा दम पुरत नव्हता. नर्सनं ऑक्सिजनचा मास्क आणला आणि तू तोंड फिरवलंस. पलीकडच्या खाटेवरच्या बाईला तसलाच मास्क लावलेला तू पाहिला होतास. नर्सनं बिचारीनं पाकीट तुझ्यासमोर फाडून दाखवलं, नवीन आहे म्हणून शपथ घेतली. "तिचोच तो. माका नको." ओठ निळे पडलेले आणि सोवळं कडक. मी चिडलो, विनवण्या केल्या, मग काही सुचेना म्हणून तो मास्क स्वतःच्याच तोंडाला लावला आणि दोन-तीन श्वास घेऊन दाखवले, बघ, काही नाही यात. तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग हात पुढे केलास. "दी आता. तुजो जालो तो." माझ्या तोंडचा तो मास्क तू स्वतः नाकावर ओढून घेतलास आणि जाईपर्यंत काढू दिला नाहीस. तेव्हा मला तुझा हट्ट वाटला होता. काल स्कूटरवर मला त्याचं रडू आलं. इतक्या वर्षांनी, हेल्मेटच्या आत, कुणाला न दिसता.

आज दुपारी नात पेडण्याला बारीकसारीक खरेदीला गेली आहे. तुझी सून तिच्यासाठी डब्यात बांगडे भरते आहे, जणू अंदमानात मासे मिळत नाहीत. मी सोप्यावर मेज ओढून दोन्ही रेग्युलेटर तपासले. आधी पहिल्या टप्प्याचं तोंड झाकणानं बंद करून हवा ओढून पाहायची. येता कामा नये, आली तर कुठेतरी फट आहे. आली नाही. मग सिलिंडरला लावले, चावी हळूहळू सोडली, फुसफुस ऐकायला उजवा कान जवळ नेला. काही नाही, गप्प. मग लांब नळीचा, ती तोंडात धरणार तो, मी तोंडात धरला. नव्या रबराची चव. पहिला श्वास घेतला, अगदी सहज आला. तपासायला तीन-चार पुरतात. मी बराच वेळ घेत बसलो. समोर माड, पलीकडे कुणाची तरी मोटारसायकल, आणि मी कोरड्या सोप्यावर पाणबुड्यासारखा बसलेलो. तुझ्या सुनेनं दारातून बघितलं आणि ती आत गेली.

हे मी रेग्युलेटरच्या खोक्यातल्या माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितोय. खोकं माळ्यावर जाईल, त्याबरोबर हेही जाईल. तुला धाडायचं तरी कुठे?

एकच सांगायचं राहिलं. श्वास घेऊन झाल्यावर सवयीनं उठलो, जंतुनाशकाची बालदी भरली, लांब नळीचा हातात घेऊन बालदीपाशी उभा राहिलो. मग बालदी तशीच माडाच्या मुळाशी ओतली, आणि तो न धुताच नातीच्या बॅगेत ठेवला.