सासूबाईंचं दुखणं

३ नोव्हेंबर, सोमवार

बोलून बसलो! शेजारच्या रत्नाबाईंनी नाक्यावर अडवलं. चिंचणीत बातमी पोचवायला पेपर लागत नाही, या बाई पुरतात. "प्रताप, तुजी बायको रोज सकाळी कुठं जाते रे?"

बोईसरला, औषधांच्या कंपनीत, पॅकिंगला — एवढं सांगायला काय झालं होतं? पण आमची चिकूची वाडी, बाबांचं नाव, आणि त्यांच्या सुनेनं गोळ्यांचे खोके भरायचे! जीभच वळेना. म्हणालो, "पामला, माहेरी. सासूबाईंना पक्षाघात झालाय. करणारं दुसरं कोणी नाही."

सासूबाई ठणठणीत आहेत.

४ नोव्हेंबर

हेमांगीला सांगितलं. आधी हसली. मग हसू गेलं. "माझ्या आईला आडवं केलंत? माझ्या नोकरीपेक्षा ते बरं वाटलं?"

कंपनीची बस नाक्यापर्यंत येते, तरी मी तिला अलीकडच्या फाट्यावर उतरायला लावतो आणि बाइकवरून मागच्या रस्त्यानं घरी आणतो. तीन महिने झाले. चोरीचा माल आणावा तशी!

७ नोव्हेंबर

विचारलं एकदाचं. "आपल्याला काय कमी आहे? कशाला जातेस?"

भांडी विसळता विसळता म्हणाली, "बारा वर्षं वाडीत राबले. चिकू निवडले, धुतले, भरले. बायको काय करते विचारलं की तुम्ही म्हणता, घरीच असते. तिथं माझ्या नावाचं कार्ड आहे. गळ्यात घालते मी ते."

मग ताट पुसत म्हणाली, "आणि बाईला कारण लागतं. घरी अडचण आहे म्हटलं की सगळे गप्प. आवडतं म्हणून येते म्हटलं तर तोंडं वाकडी. तिथल्या बायकांचीसुद्धा."

घरीच असते! खरंच, असंच म्हणत आलो मी.

९ नोव्हेंबर, रविवार

मेलो! रत्नाबाई आणखी दोघींना घेऊन पामला गेल्या — आजारी माणसाला बघायला. शहाळी घेऊन! सासूबाई अंगणात लाकडं फोडत होत्या.

दुपारी त्यांचा फोन. "जावईबापू, मला पक्षाघात झाला कधी हो? मला तरी कळवायचंत!" आणि त्या बायकांना हेमांगीच्या नोकरीचं सगळं सांगून मोकळ्या. वर अभिमानानं.

संध्याकाळी रत्नाबाई दारात. आता ही बाई गावभर करणार, म्हणून मी मान खाली घालून उभा. त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या पोरीला, रूपलला, घेतील काय रे तिथं? बारावी झालेली हाय. मला बी कोणी विचारलं असतं तर मी बी गेली असती." जाता जाता वळल्या. "येवड्यासाठी म्हातारीला आजारी पाडलंस? लाज नाय वाटली?"

वाटली. अजून वाटतेय. जेवण गेलं नाही.

१० नोव्हेंबर

हेमांगीला म्हणालो, "उद्यापासून नाक्यावरच उतर. मी तिथं उभा राहीन, सगळ्यांसमोर." वाटलं, खूश होईल.

"नको!" केवढ्यानं ओरडली. "फाट्यावरच या. बस गेल्यावर या."

अजून राग आहे. असणारच.

१४ नोव्हेंबर

फाट्यावर लवकर गेलो होतो. बस दिसल्यावर हिनं खिडकीतून लांबूनच खूण केली — मागे हो. झाडामागे जाऊन उभा राहिलो. स्वतःच्या बायकोच्या सांगण्यावरून लपलो!

२३ नोव्हेंबर, रविवार

फाटकाशी तीन अनोळखी बायका. हातात शहाळी. पुढची घराकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "मी जमुना, हेमांगीच्या लाइनवरची. तिचा नवरा दोन वर्षं अंथरुणात हाय ना, म्हणून बघायला आलो. बिचारी कधी बोलवत नाय."

मी खिडकीच्या आत होतो, त्यांना दिसलो नाही. हेमांगी स्वयंपाकघराच्या दारात. चेहरा पांढराफटक. माझ्याकडे बघत राहिली.

मी आतल्या खोलीत जाऊन आडवा झालो आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.