गॉगलच्या जागी चाळिशी

मंगळवार, संध्याकाळ. गिरगाव.

डावा डोळा मिटला की कॅलेंडरवर मधोमध एक करडा ठिपका दिसतो. सकाळी नव्हता.

दुपारी बातमीसाठी शर्वरीच्या प्रयोगशाळेत गेलो होतो. माझ्या दिवंगत मित्राची ही मुलगी. तिचा लेसर वायूवर आदळला की लाटा उठतात आणि त्यांवर स्वार होऊन इलेक्ट्रॉन सुसाट सुटतात.

"काका, तुम्ही संस्कृत शिकलात ना? त्यात अगदी छोट्या वेळाला काय म्हणतात?"

"निमिष. पापणी लवण्याइतका."

"अरे देवा, तेवढ्यात आमच्याकडे युगं उलटतात!"

तो लेसर दिसत नाही, पण डोळा जाळू शकतो, म्हणून गॉगल सक्तीचा. पण गॉगलमधून मला वहीत लिहिलेले माझेच प्रश्न वाचता येईनात. तिची पाठ वळताच गॉगल काढून चाळिशी लावली. निघताना तिने विचारलं, "गॉगल काढला नव्हतात ना?" मी म्हणालो, "छे गं!" पन्नाशी उलटल्यावर हे शाळकरी खोटं कशाला?

पुन्हा पाहिलं. ठिपका आहेच.

सांगितलं तर तिचा प्रयोग थांबेल, मला आत नेल्याचा जाब तिलाच द्यावा लागेल. पण न सांगून कसं चालेल? एखादा किरण चुकून टेबलाबाहेर येतोय, आणि तिथे रोज ती असते.

शेवटी फोन केला. सगळं सांगितलं. बोलणी खायची तयारी होती.

"नेमके कुठे उभे होतात, काका?"

"दाराजवळच्या टेबलाशी."



"तिथेच मी गॉगल काढून नोंदी लिहिते," ती म्हणाली. "हल्ली अक्षरं तुटक दिसतायत. मला वाटलं, झोप कमी पडतेय."