कोयत्याच्या चिरांतून आलेली अळंबी

मी, या घराची मालकीण, नातवंडांची आजी, शाळा दुसरीपर्यंत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि चहा पिऊन झाल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करणारे होते, ते गेले. एक उरलाय, त्याचं पुढे येतंच.

१. राहतं घर, परसबाग आणि मागची अळंबीची खोली मी माझ्या सुनेला देते. थोरल्याच्या बायकोला. नीट वाचा, थोरल्याला नाही. तो बाहेर सांगत फिरतो, "म्हातारीचं डोकं फिरलंय, तिचा कागद कोण मानणार?" म्हणून कारणही लिहून ठेवते.

त्याला ती खोली पाडून दुकानाचे गाळे काढायचे होते. मी नाही म्हटलं, तर कोयता घेऊन आला. सून दारात आडवी उभी राहिली. "आधी माझ्यावर चालवा," म्हणाली. त्याने कोयता उलटा धरून तिच्या हातावर घातला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. मग आत शिरून अळंबीसाठी पेंढा भरून टांगलेल्या एकूण एक पिशव्या सपासप फाडल्या. मी पुढच्या पिशव्यांसाठी पेंढा उकळत होते. ते पाणी बादलीभर त्याच्या पायांवर ओतलं. कोयता तिथेच टाकून नाचत नाचत फाटकाबाहेर गेला. अजून लंगडतो. बघून बरं वाटतं, खोटं कशाला लिहू?

आता गंमत ऐका. पेंढ्यात बुरशीचं पांढरं जाळं पुरतं धरलं, की पिशव्यांना चिरा द्याव्याच लागतात. अळंबी तिथूनच बाहेर येते. त्या पिशव्या नेमक्या चिरायला आलेल्या! हात दुखतात म्हणून मीच टाळत होते. थोड्याच दिवसांत त्याच्या प्रत्येक वारातून हे एवढाले घोस फुटले. सून एक हात गळ्यात बांधून दुसऱ्याने तोडत होती, आणि हसून हसून आमच्या दोघींच्या डोळ्यांत पाणी.

२. तो कोयताही सुनेलाच. धार लावून ठेवलाय.

३. आमच्या ह्यांचा चामडी पट्टा. हे जाऊन किती वर्षं झाली, पट्टा अजून खिळ्यावर आहे. माझी पाठ त्याला चांगली ओळखते. थोरला तेच बघत मोठा झाला. त्याचे, म्हणजे पट्ट्याचे, बारीक तुकडे करून जुन्या पेंढ्याबरोबर गुलाबाच्या मुळाशी पुरावेत. मातीतली चांगली बुरशी अख्खं लाकूड खाते, तिथे ह्यांचा पट्टा कोण लागून गेलाय?

४. लाकडावर वाढवलेली लाल औषधी अळंबी हाडांच्या डॉक्टरीणबाईंना द्यायची होती, सुनेचा हात त्यांनीच जोडला. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही म्हणे. म्हणून आजच पिशवीत घालून दिली.

ठिकाण: अळंबीची खोली, पिशव्यांखाली. तारीख वकीलबाई घालतील. सही माझी, थोडी वाकडी, पण माझीच.

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई. मला तपासून म्हणाल्या, "आजी, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं."

साक्षीदार दुसरा: माझा थोरला. मृत्युपत्र म्हटल्यावर लंगडत का होईना, धावत आला. वरचा मजकूर मी पदराखाली झाकला होता. "राहू दे गं आई, वाचायचंय काय त्यात? घर काय सुनेला देणारेस?" म्हणून हसला, आणि 'आई पूर्ण शुद्धीवर आहे' या ओळीखाली झोकात सही केली.