तो कायबी बोलला न्हाई

शेवगाव,
१२ मार्च

अजिनाथ भावा,

रामराम. इकडं सगळी बरी हायेत. तुझी म्हैस मीच सांभाळतोय. दूध कमी देती, लाथा जास्त मारती, तुझ्यावरच गेलीय. लाथेचं लिहायला नको हुतं. र्‍हाऊ दे आता.

मोबाईलवर तू मला ब्लॉक केलंय. सावेडीला तुझ्या ताईच्या घरी तुला भेटाया आल्तो, तर ताईनं दारातनंच माघारी धाडलं. म्हनून हा कागद. रोहिणीवहिनीकडं देतोय. फाडायचा तर शेवटपातूर वाचून फाड.

वहिनी म्हनली, तू डॉक्टरवर केस करतोयस. उसाची ट्रॉली तुझ्या पायावर उलटली, ट्रॉलीवाल्यावर कर ना. डॉक्टरवर नको रं.

तू म्हनतोस, मी नको म्हनलो हुतो. व्हय, म्हनला हुतास. जीपमधी माझी कॉलर धरून. "गहिन्या, मेलो तरी चालंल, पाय कापू देऊ नको. लंगड्याला ऊसतोडीला कोन नेनार?" आन मग गपगार पडलास.

दवाखान्यात मी एकटा. वहिनीचा फोन लागंना. डॉक्टर म्हनला, "घरचे येईपर्यंत थांबलो तर हा वाचणार नाही. बेशुद्ध माणसाचा जीव वाचवायचा असला की त्याची संमती आहे असंच आम्ही धरतो. पण शुद्धीत असताना हा नको म्हणाला होता का?"

शाळेत तू ओढ्यावर बसायचास, तुझ्या आवाजात 'हजर' मी म्हनायचो. मुकादमानं हाक मारली की तू उसात झोपलेला, 'आलो आलो' मीच. सगळी टोळी हसायची. जल्मभर तुझ्या वतीनं बोललो. त्या दिवशी खरंच तुझं बोलनं सांगायचं हुतं.

मी म्हनलो, "न्हाई. तो कायबी बोलला न्हाई."

डॉक्टरनं माझ्यावर इश्वास ठेवून पाय कापला, बास. कोर्टात मी हे सांगनार. केस माझ्यावर कर. माफी मागत न्हाई मी. परत इचारलं तर परत हेच म्हनीन.

पर वहिनी सांगती, तू जेवत न्हाईस, गोळ्या उशीखाली सारतोस. आसं करू नको रं. उद्या परत बेशुद्ध पडलास आन मलाच इचारलं, तर काय सांगू?

परवा पोरं म्हनली, अजिनाथचा आवाज काढ. लई केलं, निघंना. आठवंनाच.

एक फोन कर. शिव्या दे. पर तुझ्या तोंडानं दे.

अजून तुझी हजेरी लावनारा,
गहिन्या